महाराष्ट्रातील क्राफ्ट बिअर

क्राफ्ट बिअर म्हणजे लहान व स्वतंत्र मद्यनिर्माणीत मर्यादित प्रमाणात, चवीच्या वैविध्यावर भर देऊन तयार केलेली बिअर होय. महाराष्ट्रात या प्रकारच्या बिअरची निर्मिती २००९ साली पुण्यात सुरू झाली. त्यानंतर ती मुंबई महानगर प्रदेशात पसरली. निरनिराळ्या मद्यनिर्माणींत तयार होणाऱ्या बिअर शोधून मित्रमंडळींसमवेत थोड्या थोड्या प्रमाणात चाखणे हा या संस्कृतीचा महत्त्वाचा भाग आहे. 'नशेसाठी पिणे' आणि 'चवीसाठी चाखणे' यांतील भेदावर ही संस्कृती उभी असल्याचे तिचे पुरस्कर्ते सांगतात. हा भेद व्यवहारात कितपत टिकतो, हा वादाचा विषय आहे.

संज्ञा

मराठीत 'क्राफ्ट बिअर' हीच संज्ञा रूढ आहे. बिअर ज्या ठिकाणी तयार होते त्याच ठिकाणी ती विकणाऱ्या लहान निर्माणीस 'मायक्रोब्रुअरी' किंवा 'सूक्ष्म मद्यनिर्माणी' म्हणतात. मोड आणून वाळवलेल्या धान्यास माल्ट म्हणतात. बिअरसाठी प्रामुख्याने सातूचे (जव) माल्ट वापरले जाते. मद्यासोबत खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांसाठी वापरला जाणारा 'चखणा' हा शब्द 'चाखणे' या क्रियापदाशी संबंधित आहे.

पार्श्वभूमी

धान्यापासून आंबवून मद्य करण्याची प्रथा भारतात प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष या अधिकाऱ्याचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु या मद्यप्रकारांचा उल्लेख आहे. त्यांपैकी मेदक हे तांदूळ व किण्व यांपासून केले जाई. 'किण्वन' ही आजची शास्त्रीय संज्ञा याच 'किण्व' शब्दावरून आली आहे.

हॉप्स या वेलीची फुले घालून केलेली युरोपीय पद्धतीची बिअर ब्रिटिशांबरोबर भारतात आली. लंडनमधील हॉजसन यांच्या मद्यनिर्माणीची फिकट रंगाची एल बिअर जहाजांतून मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे पाठविली जाई. तिच्यापासूनच पुढे 'इंडिया पेल एल' हा प्रकार प्रसिद्धीस आला. एकोणिसाव्या शतकात एडवर्ड डायर यांनी कसौली येथे मद्यनिर्माणी उभारली. पुढे एच. जी. मीकिन यांनी डायर यांच्या निर्माणी विकत घेऊन इतर ठिकाणांबरोबरच पुण्यालगतच्या खडकी येथेही मद्यनिर्माणी सुरू केली. लष्करी छावण्यांतील मागणी हे त्यामागील कारण होते.

स्वातंत्र्योत्तर काळात बाजारपेठ मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या हाती गेली. जास्त मद्यांश असलेली 'स्ट्राँग' बिअर हाच देशातील सर्वाधिक खपाचा प्रकार ठरला. पाश्चात्त्य देशांत याविरुद्ध प्रतिक्रिया आधीच सुरू झाली होती. फ्रिट्झ मेटॅग यांनी १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील अँकर ही डबघाईस आलेली मद्यनिर्माणी वाचविली. १९७१ साली पारंपरिक एलच्या रक्षणासाठी ब्रिटिश ग्राहकांची 'कॅमरा' ही संघटना स्थापन झाली. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरनिर्मितीवरील केंद्रीय बंधन दूर झाले.

महाराष्ट्रातील आरंभ व प्रसार

सुकेतू तळेकर व प्रतीक चतुर्वेदी यांनी २००९ मध्ये पुण्यातील कोरिंथियन्स क्लब येथे 'डूलाली' ही मद्यनिर्माणी सुरू केली. ती भारतातील आरंभीच्या सूक्ष्म मद्यनिर्माणींपैकी एक असून तिचे मद्यनिर्माते ऑलिव्हर शाउफ हे जर्मन होते. 'डूलाली' हे नाव नाशिक जिल्ह्यातील देवळालीवरून आले आहे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत ब्रिटिश सैनिक देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने अडकून पडत. त्या कंटाळ्यातून येणाऱ्या भ्रमिष्टपणास ते 'डूलाली टॅप' म्हणत. त्यातील 'टॅप' हा 'ताप' या शब्दाचा अपभ्रंश होय.

पुढे पुण्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी, एफिंगट व ग्रेट स्टेट एल वर्क्स, तर डोंबिवली येथे गेटवे ब्रुइंग कंपनी यांचे काम सुरू झाले. २०१५ मध्ये डूलालीने मुंबईत अंधेरी येथे विक्रीगृह उघडले. २०१८ च्या सुमारास पुण्यातील मूनशाइन मीडरीने मधापासून केलेले 'मीड' बाजारात आणले. मीड ही बिअर नसली, तरी तिचा ग्राहकवर्ग बव्हंशी तोच आहे. शिक्षण व नोकरीसाठी राज्याच्या सर्व भागांतून, त्यात विदर्भातूनही, आलेला तरुण वर्ग हा पुण्यातील या व्यवसायाचा मोठा आधार आहे.

ताजी बिअर फार काळ टिकत नाही. २०२० च्या टाळेबंदीत विक्रीगृहे बंद पडल्याने टाक्यांतील बिअर वाया जाऊ लागली. त्यानंतर ती 'ग्राउलर' नावाच्या भांड्यातून घरी नेण्यास राज्यात मुभा देण्यात आली.

निर्मिती व प्रकार

माल्ट भरडून गरम पाण्यात भिजविल्यावर त्यातील विकरांमुळे पिष्टाचे शर्करेत रूपांतर होते. हा गोड अर्क हॉप्स घालून उकळतात, थंड करतात व त्यात यीस्ट मिसळतात. एल प्रकारचे यीस्ट साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअस तापमानास, तर लागर प्रकारचे ७ ते १३ अंशांस काम करते. लागरला अधिक काळ व अधिक शीतकरण लागत असल्याने लहान निर्माणींत एल प्रकार अधिक आढळतात. गव्हाच्या जर्मन पद्धतीच्या बिअरला केळे व लवंग यांसारखा गंध येतो. हा गंध त्या पदार्थांचा नसून यीस्टने निर्माण केलेल्या संयुगांचा असतो. गडद भाजलेल्या धान्यापासून केलेल्या स्टाउटला कॉफीसारखी चव येते.

आस्वादाची पद्धती

मंडळी एकत्र येऊन चाखतात तेव्हा चार ते सहा प्रकारांचे छोटे पेले एका फळीवर मांडून घेतात. त्यास 'फ्लाइट' म्हणतात. फिकट व सौम्य बिअरपासून सुरुवात करून कडू, गडद व तीव्र बिअरकडे जाण्याचा प्रघात आहे. हा क्रम उलटा केल्यास सौम्य प्रकारांची चव कळत नाही. प्रथम रंग व फेस पाहतात, मग गंध घेतात, नंतर लहान घोट घेतात. वाइनच्या परीक्षणात घोट थुंकून टाकण्याची पद्धत आहे. बिअरच्या बाबतीत मात्र घोट गिळल्यानंतर रेंगाळणारा कडवटपणा महत्त्वाचा मानला जात असल्याने तो सहसा गिळतात. दोन प्रकारांच्या मध्ये पाणी पितात.

सरावाने दोषही ओळखता येतात. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव हवेशी संपर्क आल्याचे, हिरव्या सफरचंदासारखा गंध अपुऱ्या किण्वनाचे व लोण्यासारखी चव डायअ‍ॅसिटिल या संयुगाचे लक्षण असते. फार थंड बिअरमध्ये गुण व दोष दोन्ही झाकले जातात. म्हणून स्टाउटसारखे प्रकार लागरपेक्षा कमी थंड देतात.

स्थानिक धान्यांचा प्रश्न

भारतात सातू मुख्यतः राजस्थान, उत्तर प्रदेश व हरियाणा येथे पिकतो आणि हॉप्स बहुतांशी आयात होतात. त्यामुळे 'स्थानिक' म्हणविल्या जाणाऱ्या बिअरमध्ये महाराष्ट्राचे म्हणून पाण्याखेरीज फारसे काही नसते, असा आक्षेप घेतला जातो. त्यावर उपाय म्हणून पुण्यातील काही निर्माणींनी कोकम, बाजरी व आंबा यांचे प्रयोग केले. ग्रेट स्टेट एल वर्क्सची मीठ व कोकम घातलेली एल ही त्यांपैकी एक होय.

या संदर्भात ज्वारीचा विचार महत्त्वाचा ठरतो. वाशीम, अकोला व बुलढाणा या पश्चिम विदर्भातील जिल्ह्यांत ज्वारी हे एकेकाळचे प्रमुख अन्नधान्य होते. गेल्या काही दशकांत सोयाबीनने तिची जागा घेतली. ज्वारीचे पीठ आंबवून केलेली आंबील या भागात महालक्ष्मीच्या नैवेद्यात असते. ती मद्य नव्हे, परंतु ज्वारी आंबविण्याचे ज्ञान येथे घरोघरी होते याची ती साक्ष आहे. दक्षिण आफ्रिकेत ज्वारीची बिअर पारंपरिक आहे, तर नायजेरियाने १९८८ मध्ये सातूची आयात बंद केल्यावर तेथील मोठ्या निर्माणी ज्वारीकडे वळल्या. ज्वारीत ग्लुटेन नसते. मात्र तिचे पिष्ट सातूपेक्षा अधिक तापमानास फुगते व तिच्या माल्टमध्ये आवश्यक विकर कमी असतात. त्यामुळे प्रक्रिया बदलावी लागते. अन्नधान्याचा मद्यासाठी वापर करावा का, हा नैतिक प्रश्नही महाराष्ट्रात वेळोवेळी उपस्थित झाला आहे.

कायदेशीर चौकट

राज्यात मद्यनिर्मिती, विक्री व सेवन यांचे नियमन १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली राज्य उत्पादन शुल्क विभाग करतो. मद्यसेवनासाठी परवाना लागतो. सौम्य बिअर व वाइनसाठी किमान वय २१ वर्षे, तर इतर मद्यांसाठी २५ वर्षे आहे. केंद्रीय अन्नसुरक्षा मानकांनुसार ५ टक्क्यांपर्यंत मद्यांश असलेली बिअर 'साधी' व त्याहून अधिक ८ टक्क्यांपर्यंतची 'स्ट्राँग' ठरते. वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा आहे.

टीका व सामाजिक संदर्भ

विदर्भात क्राफ्ट बिअरकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले जाते. वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. चंद्रपूरमध्ये २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. गावातील दारूदुकान बंद करण्यासाठी महिलांनी 'आडव्या बाटली'ला मतदान करण्याची तरतूद राज्यात असून अनेक गावांनी तिचा वापर केला आहे. दारूमुळे संसार उद्ध्वस्त झालेल्या स्त्रियांच्या दृष्टीने चवीचा युक्तिवाद हा शहरी सुखवस्तू वर्गाचा आहे. वैद्यकीय मतही सावध आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये मद्यपेयांचा समावेश निश्चित कर्करोगकारकांत केला. आरोग्यास पूर्ण सुरक्षित असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

समर्थकांच्या मते महाग, ताजी व हळूहळू चाखली जाणारी बिअर स्वस्त व तीव्र मद्यापेक्षा संयमास अनुकूल असते. तथापि क्राफ्ट प्रकारांतील काहींचा मद्यांश स्ट्राँग बिअरइतकाच असतो. त्यामुळे लहान पेला, मोजकी मात्रा व परतीच्या प्रवासासाठी न पिणारा चालक यांवरच हा युक्तिवाद अवलंबून राहतो.

हे सुद्धा पहा

बिअर, किण्वन, सातू, ज्वारी, आंबील, देवळाली, महाराष्ट्रातील दारूबंदी