भरून आणायचा डबा, फेकून द्यायचा डबा

तुमच्या स्वयंपाकघरातला सिलिंडर आणि कपाटातला डिओ, या दोघांच्या पोटात बहुतेक वेळा एकाच जातीचा गॅस असतो. खोटं वाटत असेल तर डिओच्या डब्यामागची बारीक अक्षरं मोबाईलच्या कॅमेऱ्यात मोठी करून वाचा. ब्युटेन, आयसोब्युटेन, प्रोपेन. सिलिंडरमध्येही मुख्यतः हीच मंडळी. सिलिंडर संपला की आपण नंबर लावतो. माणूस येतो, रिकामा घेऊन जातो, भरलेला ठेवून जातो. डिओ संपला की तो कचऱ्याच्या बादलीत. दोन्ही डबे धातूचे, दोन्हींत गॅस दाबून भरलेला. मग एक परत भरायला जातो आणि दुसरा का नाही?

हा प्रश्न डोक्यात घेऊन मी स्प्रेच्या डब्याचा इतिहास वाचायला लागले आणि सुरुवातीलाच एक गंमत सापडली. ज्या डब्यापासून आजचे सगळे स्प्रे निघाले, तो डबा पुन्हा भरता येणारा होता. फेकून द्यायचा डबा नंतर आला. तोही आपोआप आला नाही, त्यासाठी बऱ्याच लोकांनी डोकं चालवलं.

फ्लिट मारण्याचे दिवस

डब्याच्या आधी पंप होता. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, डास वाढले की ते काय मारायचे? "फ्लिट." हे मुळात एका औषधाचं नाव. अमेरिकेतल्या स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सी या तेल कंपनीनं ते १९२३ मध्ये बाजारात आणलं. पुढे डॉ. स्यूस या नावानं मुलांच्या पुस्तकांसाठी जगभर गाजलेले थिओडोर गायझेल १९२८ पासून कित्येक वर्षं या औषधाच्या जाहिरातींची चित्रं काढत होते. फोटोकॉपीला आपण जसं झेरॉक्स म्हणतो, तसंच हे झालं. औषध कुठल्याही कंपनीचं असो, मराठी घरात मारायचं ते फ्लिटच.

तो पंप साधा होता. एक लांब नळी, मागे मूठ, पुढच्या टोकाला खाली पत्र्याची डबी. मूठ आत ढकलली की हवेचा झोत डबीतून वर आलेल्या बारीक नळीच्या तोंडावरून जायचा, औषध वर ओढायचा आणि त्याचे थेंब करून उडवायचा. डबीत दाब साठवलेला नसायचा. दाब होता तो माणसाच्या हाताचा. हात थांबला की दाबही संपला. त्यामुळे झाकण उघडा, नरसाळं लावा, औषध ओता, यात कुणाला भीती वाटायचं काही कारण नव्हतं. डबीला भोक पडलं तर डाग देऊन आणायची.

भीती सुरू होते ती दाब डब्यातच साठवायचं ठरल्यावर. ही कल्पना नॉर्वेचे अभियंते एरिक रोथाइम यांची. १९२७ मध्ये त्यांना नॉर्वेत आणि १९३१ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. औषधासोबत डब्यात असा एक वायू भरायचा, जो दाबाखाली द्रवरूप राहतो. बटण दाबलं की थोडं औषध बाहेर जातं, आतली जागा वाढते, द्रवातला थोडा भाग उकळून पुन्हा वायू होतो आणि दाब होता तसाच राहतो. सिलिंडर संपायला आला तरी गॅसची ज्योत शेवटपर्यंत टिकते, तेही याच कारणानं. नॉर्वेच्या टपाल खात्यानं १९९८ मध्ये या शोधाचं तिकीट काढलं. पण रोथाइम यांच्या हयातीत या डब्याला फारसं गिऱ्हाईक मिळालं नाही. ते मिळवून दिलं डासांनी आणि युद्धानं.

पहिला डबा जड होता

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकी सैनिकांना मलेरियानं हैराण केलं होतं. तंबूत पंप मारत बसायला वेळ कुणाला? १९४१ मध्ये अमेरिकी कृषी खात्यातले दोन संशोधक, लाइल गुडह्यू आणि विल्यम सलिव्हन, यांनी हातात मावेल असा पोलादी डबा तयार केला. आत शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रम फुलांचा अर्क, त्याचा जोर वाढवायला चक्क तिळाचं तेल आणि हे सगळं बाहेर ढकलायला फ्रिऑन नावाचा वायू. सैनिक त्याला 'बग बॉम्ब' म्हणत. १९४३ मध्ये पेटंट मिळालं, पण ते सरकारच्या नावावर गेलं आणि शोध लावणाऱ्यांना रॉयल्टी मिळाली नाही.

या डब्यात दर चौरस इंचाला सुमारे ७५ पौंड दाब असायचा. पेट्रोल पंपावर चारचाकीच्या टायरमध्ये आपण बत्तीस-तेहतीस भरतो. हा त्याच्या दुपटीहून जास्त. एवढा दाब धरायचा तर पोलाद जाड हवं आणि व्हॉल्व्ह भक्कम हवा. असा डबा महाग पडतो. महाग वस्तू कुणी फेकत नाही, म्हणून तो पुन्हा भरता येईल असाच केला होता.

पातळ पत्र्याची करामत

युद्ध संपलं आणि उत्पादकांना घराघरांतलं गिऱ्हाईक दिसू लागलं. पण दुकानातून डास मारायचा डबा आणायला गेलेल्या बाईला पोलादाचं वजन आणि किंमत कशी परवडणार? उत्तर दोन टप्प्यांत सापडलं. पहिला टप्पा रसायनाचा. दोन प्रकारचे फ्रिऑन मिसळले तर दाब जवळपास निम्म्यावर येतो, हे लक्षात आलं. दाब उतरला म्हणजे जाड पोलाद नको. १९४६-४७ च्या सुमारास अमेरिकेतले बिअरचे डबे बनवणारे कारखाने तसाच पातळ पत्रा घेऊन स्प्रेचे डबे काढू लागले.

दुसरा टप्पा व्हॉल्व्हचा. न्यूयॉर्कमध्ये छोटं मशीन शॉप चालवणारे रॉबर्ट ॲबप्लानाल्प यांनी १९४९ मध्ये एक स्वस्त व्हॉल्व्ह तयार केला. तो डब्याच्या तोंडावर ठेवून कडा दाबून वळवली की कायमचा बसतो. फिरवून काढायचा आटा नाही, उघडायची सोय नाही. त्याच वर्षी इलिनॉय राज्यातले रंगाचे व्यापारी एडवर्ड सीमोर यांनी बायकोच्या सुचवण्यावरून अशा डब्यात रंग भरला आणि स्प्रे पेंट जन्माला आला.

सगळी गोम इथे आहे. डबा फेकायचा की भरायचा, हे गिऱ्हाइकाच्या स्वभावावर ठरलं नाही. ते पत्र्याच्या जाडीवर आणि तोंडाच्या वळवलेल्या कडेवर ठरलं. डबा हातात येण्याआधीच त्याच्या दुसऱ्या फेरीचा रस्ता कारखान्यात बंद झालेला असतो.

गॅस बदलला, डबा तोच राहिला

फ्रिऑनचं एक मोठं कौतुक होतं. तो पेटत नसे आणि विषारीही नव्हता. तो शोधणारे थॉमस मिजली यांनी १९३० मध्ये भर सभेत तो छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली. पण १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की हा वायू वर जाऊन ओझोनचा थर खातो. १९७८ मध्ये अमेरिकेनं बहुतेक स्प्रेंमधून तो हद्दपार केला. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं भगदाड जगासमोर आलं, १९८७ मध्ये माँट्रिअल करार झाला आणि १९९२ मध्ये भारतही त्यात सामील झाला. मोलिना आणि रोलंड यांना पॉल क्रुट्झन यांच्यासोबत १९९५ चं नोबेल मिळालं.

फ्रिऑनच्या जागी बहुतेक डब्यांत आला तो ब्युटेन-प्रोपेनचा गॅस. ओझोनला त्याचा त्रास नाही, पण तो पेटतो. म्हणजे न पेटणाऱ्या वायूच्या काळात ठरलेली पातळ डब्याची पद्धत आता पेटणाऱ्या गॅससाठीही चालू राहिली. शिवाय स्वयंपाकाच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम घाण वास लावतात. डिओला तसा वास कसा चालेल? म्हणून स्प्रेतला गॅस वास काढून टाकलेला असतो. तो गळला तर नाकाला कळत नाही, आणि हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत साचून राहतो.

व्हिडिओत न दिसणारं

गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीच्या मखराला सोनेरी रंग मारून झाला, तेव्हा गच्चीवर स्प्रे पेंटचे नऊ रिकामे डबे उरले. एका कॉलेजच्या मुलानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. रिकाम्या डब्याला टायरचा व्हॉल्व्ह बसवायचा, आत रंग घालायचा आणि पंपानं हवा भरायची. आजी शेजारी वाती वळत बसली होती. ती म्हणाली, "बरोबर बोलतोय तो. आम्ही नाही का जन्मभर स्टोव्हला पंप मारला? त्यात पण रॉकेल भरायचोच की. टाकता काय सारखं?"

आजीची तुलना अगदी नेमकी होती, म्हणून मी ती नीट तपासून पाहिली. स्टोव्हची टाकी जाड पितळेची. तिला हवा सोडायचा वेगळा स्क्रू; तो सैल केला की आधी सगळा दाब जातो आणि मगच झाकण उघडून रॉकेल ओतायचं. म्हणजे भरताना आत दाब नाही आणि पेटणारा गॅसही नाही. स्प्रेच्या डब्याला यातलं काहीच नाही. पत्र्याची जाडी साधारण मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. आतून लावलेला संरक्षक थर एका ठरावीक मालापुरता असतो. दुसरं काही ओतलं तर तो टिकेल याची खात्री नाही. गंज आतून चढतो आणि बाहेरून डबा नवाकोरा दिसतो. बटण दाबून काही येईना म्हणजे आत काही नाही, असंही नसतं. तळाशी गॅस उरतो, आणि त्याच डब्याला ड्रिल लावलं की ठिणगी पडायला वेळ लागत नाही. एवढं करून हवा भरलीच, तरी ती द्रवरूप गॅससारखा दाब टिकवत नाही. डबा अर्धा होईपर्यंत जोर जातो आणि रंग फवारण्याऐवजी थुंकल्यासारखा पडतो.

भरणं तर सोडाच, नुसते डबे रिकामे करणंही अंगावर येऊ शकतं. १६ डिसेंबर २०१८ ला जपानमधल्या सप्पोरो शहरात एका कार्यालयातल्या लोकांनी वास घालवायच्या स्प्रेचे शंभराहून जास्त डबे बंद खोलीत रिकामे केले. मग हात धुवायला पाण्याचा गीझर सुरू केला. स्फोटात इमारत कोसळली आणि चाळीसहून अधिक लोक जखमी झाले. त्यांचा हेतू डबे टाकून देण्यापलीकडे काही नव्हता.

म्हणून घरी करायचं ते एवढंच. डबा मोकळ्या हवेत पूर्ण संपवा, भोसकू नका, जाळू नका, शेकोटीत तर अजिबात टाकू नका, आणि कचऱ्यात वेगळा द्या. हात शिवशिवत असतील तर ज्या वस्तू भरण्यासाठीच बनल्यात त्या घ्या. सलूनमध्ये पाण्याची सलग धुकट फवारणी करणारी बाटली पाहिली असेल. तिच्यात गॅस नसतो, हाताच्या दाबावर चालते आणि कितीही वेळा भरता येते. रंगकामाला छोटा कॉम्प्रेसर आणि गन भाड्यानंही मिळते.

परत घेणारा कोण?

दाबाची वस्तू पुन्हा भरताच येत नाही, असं मात्र नाही. गोटी सोड्याची बाटली आठवा. हिरम कॉड या इंग्रज माणसानं १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि आपल्याकडे ती अजून भरली जाते. काच जाड, गोटी आतल्या गॅसच्याच दाबानं तोंड बंद करते, आणि बाटली दुकानातच ठेवायची असते. घरी न्यायची तर दुकानदार डिपॉझिट मागतो. सिलिंडरचंही तेच. १९५० च्या दशकात बर्मा-शेलनं मुंबईत 'बर्शेन' नावानं घरगुती गॅस विकायला सुरुवात केली, तेव्हापासून तो डबा कधी आपल्या मालकीचा झालाच नाही. आपण आतला गॅस विकत घेतो. डबा डिपॉझिटवर येतो. त्याच्या मानेजवळच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्ष लिहिलेलं असतं. कुठल्या तिमाहीत त्याची पुन्हा चाचणी व्हायची, ते त्यावरून कळतं. आज घरी गेल्यावर बघा.

जाड भिंत, उघडता येणारं तोंड, डिपॉझिट आणि तपासून परत घेणारा कुणीतरी: या चार गोष्टी असल्या की डबा परत फिरतो. स्प्रेच्या बाबतीतही हे जमतं. जर्मनीतली व्युर्थ ही कंपनी गॅरेजांना जाड डबे आणि भरायचं यंत्र देते. मेकॅनिक तिथल्या तिथे त्यांत माल आणि दाबलेली हवा भरून घेतो. म्हणजे डबा भरून मिळावा, ही मागणी रास्तच आहे. फक्त ती ड्रिल हातात घेतलेल्या मुलाकडे करून उपयोग नाही. ज्यानं डबा पातळ केला आणि त्याचं तोंड कायमचं वळवून बंद केलं, त्या कारखानदाराकडे ती करायला हवी: डिपॉझिट घ्या, पण डबा परत न्या.