ढिला कोअर

रेडिओ बिघडला म्हणजे व्हॉल्व्ह गेला, अशी आमच्या घरात ठाम समजूत. डिसेंबर १९७१ पर्यंत मीही तेच धरून चाललो होतो. ३ तारखेला युद्ध सुरू झालं आणि नेमका तेव्हाच आमच्या रेडिओचा आवाज बसला. डोक्यावर थाप मारली की दोन मिनिटं मोठा, मग पुन्हा क्षीण.

मी बीएचा विद्यार्थी, विषय मराठी! मागचं झाकण काढलं. अॅल्युमिनियमच्या दोन डब्यांत स्क्रूसारखं काहीतरी ढिलं दिसलं. लोखंडी पेचकसाने सगळे करकचून पिळले. रेडिओ मुकाच झाला. १६ तारखेला ढाक्यातल्या शरणागतीची बातमी अण्णांनी शेजाऱ्यांच्या दारात उभं राहून ऐकली. मला एका शब्दानेही बोलले नाहीत.

"स्क्रू समजून पिळलंस ना रे?" पनवेलच्या बाजारातले रेडिओवाले काका हसले. ते डबे म्हणजे आयएफटी. कुठलंही स्टेशन लावा, सेट त्याची लहर आधी ४५५ किलोसायकलवर आणतो (ही सुपरहेटची युक्ती आर्मस्ट्राँगची, १९१८ ची) आणि हे डबे तेवढीच लहर पुढे सोडतात. त्यातला कोअर आत गेला की कंप्रता उतरते, बाहेर आला की चढते. आटे सैल झाले की तो हादऱ्याने सरकतो. म्हणून ती थाप लागू पडायची! कोअर खडूसारखा ठिसूळ. माझा एक तडकलाच होता.

काकांनी भंगारातल्या सेटमधला कोअर घेतला. इलॅस्टिकमधला रबराचा बारीक धागा नळीत उभा सोडला आणि त्यावरून कोअर फिरवत बसवला. त्यासाठी बांबूची तासलेली काडी, कारण लोखंड जवळ आलं की जुळणी बदलते. मग मुद्दाम दूरचं, क्षीण स्टेशन लावून कानाने जुळवलं. शेवटी मेणाचा थेंब. "चिकटवत का नाही?" मी विचारलं. "उद्या कुणाला फिरवायचा झाला तर?"

गेल्या महिन्यात तो सेट पुन्हा उघडला. (आधी प्लग काढायचा, हे सांगायला नको. तरी सांगतो, मास्तर आहे.) रबराचा चिकट भुगा झालेला, मेण मात्र शाबूत. किंचित गरम करताच कोअर अख्खा बाहेर आला. या वेळी नळवाल्याची टेफ्लॉन टेप पातळ करून गुंडाळली.

वरून मेणाचा थेंब टाकला.