काचपट्टी, लाल रेघ आणि जबलपूर

आशा कार्यकर्तीच्या पिशवीत आज मलेरियाच्या तपासणीची छोटी पट्टी असते. ती सरकारी कार्यक्रमात कशी आली, याचे बरेचसे उत्तर जबलपूरच्या संशोधनात सापडते.

मलेरियाचे निदान दीर्घकाळ सूक्ष्मदर्शकावर अवलंबून होते. कुशल तंत्रज्ञाच्या हाती ही पद्धत आजही उत्तम आहे. परंतु मंडला, दिंडोरीसारख्या जिल्ह्यांतील वनग्रामांतून रक्ताची काचपट्टी प्रयोगशाळेत जाऊन अहवाल परत येईपर्यंत कित्येक दिवस जात. फॅल्सिपेरम मलेरियात एवढा विलंब लहान मुलाच्या जिवावर बेततो. म्हणून ताप आलेल्या प्रत्येकाला अहवालाआधीच क्लोरोक्विन देत असत. १९७३ मध्ये आसामात या औषधाला न जुमानणारे परजीवी आढळले आणि हा आधार हळूहळू ढासळला. नंतरची आर्टेमिसिनिनयुक्त औषधे केवळ अंदाजाने वाटणे परवडणारे नव्हते. त्यामुळे गावातच निदान होणे अपरिहार्य झाले.

जबलपूर येथून काम करणाऱ्या नीरू सिंह आणि सहकाऱ्यांनी मध्य भारताच्या दुर्गम वनक्षेत्रात अशी पट्टी वापरून पाहिली; तो अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. आजच्या बहुतेक पट्ट्यांत परजीवीच्या एचआरपी-२ या प्रथिनाला प्रतिपिंडे पकडतात आणि त्यांना जोडलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण एका ठिकाणी साचून लाल रेघ उमटते. त्यासाठी ना वीज लागते, ना सूक्ष्मदर्शक.

अचूकतेत सरस ठरणारी पद्धत रुग्णापर्यंत पोहोचत नसेल, तर कार्यक्रमाला तिचा उपयोग किती? निवडीचा खरा निकष हा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने २००८ मध्ये सुरू झालेल्या चाचण्यांत पट्ट्यांना एका मायक्रोलिटर रक्तातील २०० परजीवी ओळखता येतात का, ४५ अंश सेल्सिअस तापमानात त्या टिकतात का, हेही तपासले गेले. भारताने आधी केवळ फॅल्सिपेरम ओळखणारी पट्टी स्वीकारली; २०१३ पासून फॅल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स दोन्ही ओळखणारी पट्टी कार्यक्रमात आली.

गोष्ट येथे संपत नाही. जबलपूरच्या राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्थेतील प्रवीण भारती आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये आठ राज्यांतील नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही परजीवींत एचआरपी-२ घडवणारे जनुकच नव्हते. अशा रुग्णाच्या रक्तात मलेरिया असूनही पट्टी कोरी राहू शकते. यामुळे होणारी चूक ५ टक्क्यांपुढे गेली, तर चाचणी बदलावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

२०१७ पासून आरोग्य संशोधन विभागाची ‘एचटीए इन’ ही यंत्रणा नव्या उपकरणांचा व उपचारांचा खर्च आणि लाभ पद्धतशीरपणे तोलते. मलेरियाच्या पट्टीचा इतिहास त्या कामाला एक पुस्ती जोडतो: स्वीकृतीनंतरही मोजमाप चालूच राहिले पाहिजे, कारण परजीवी बदलतो आणि कोऱ्या पट्टीवर विसंबलेला रुग्ण औषधाविना घरी परततो.