निषिद्ध प्रदेशाची वाटचाल

संगणकावरील खेळांना वाङ्मयाचे वारस म्हटले, तर पुष्कळांना ती अतिशयोक्ती वाटेल. परंतु कीव्ह येथील ‘जीएससी गेम वर्ल्ड’ या संस्थेने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या ‘स्टॉकर’ या खेळाची वंशावळ शोधू जाता ती थेट एका रशियन कादंबरीपाशी पोहोचते.

अर्कादी व बोरिस स्त्रुगात्स्की या बंधूंची ‘रोडसाइड पिकनिक’ ही ती कादंबरी 1972 साली लेनिनग्राडच्या ‘अव्रोरा’ मासिकात आली. परलोकीचे कोणी प्रवासी पृथ्वीवर क्षणभर थांबले आणि सहलीच्या मंडळींनी रस्त्याकडेला उष्टेखरकटे टाकावे तसे काही टाकून निघून गेले, एवढीच तिची मूळ कल्पना. त्या ‘झोन’मध्ये सृष्टीचे नियम बिघडलेले. तेथील अद्भुत वस्तू चोरून आणून विकणारे ते ‘स्टॉकर’. पाऊल टाकण्यापूर्वी लोखंडी नट फेकून पाहावयाचा. तो एकाएकी खाली खेचला गेला, तर तेथे मरण आहे असे समजावयाचे. पुस्तकरूपाने ही कथा येण्यास 1980 साल उजाडले, तेही संपादकांची कात्री सोसून.

‘स्टॉकर’ हे नाव किपलिंग यांच्या ‘स्टॉकी अँड कंपनी’वरून सुचल्याचे बोरिस यांनीच नमूद केले आहे. हे किपलिंग 1865 साली मुंबईस जन्मले! 1979 साली तारकोव्हस्की यांनी याच कथेवर चित्रपट काढला. ओले गवत, पडके कारखाने आणि दीर्घ शांतता ही त्यांची देणगी.

पुढे 26 एप्रिल 1986 रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. दुसऱ्याच दिवशी प्रिप्यात शहरातील सुमारे 50 हजार माणसे हलविण्यात आली आणि भोवतालचा 30 किलोमीटरचा टापू निर्मनुष्य झाला. कल्पित झोनला खरी जागा मिळाली ती अशी. खेळाचे कर्ते तेथे जाऊन छायाचित्रे घेऊन आले, आणि प्रिप्यातच्या ओसाड इमारती खेळात उभ्या राहिल्या.

कादंबरीतील इच्छा पुरविणारा सुवर्णगोल खेळातही वेगळ्या रूपात भेटतो. पण एक बदल मोठा आहे. कादंबरीत ते प्रवासी कोण, हे अखेरपर्यंत कळत नाही. खेळातला झोन मात्र माणसांच्याच गुप्त प्रयोगांतून निर्माण होतो. खरी अणुभट्टीही एका सुरक्षा-चाचणीच्या वेळीच फुटली होती. तेव्हा परलोकीच्या पाहुण्यांवर ठपका ठेवण्याचे त्या भूमीत कारणच उरले नव्हते.

नटाचा मात्र बोल्ट झाला, एवढेच. खेळाडूच्या बंदुकीतील गोळ्या संपतात. बोल्ट कधी संपत नाहीत.