'आणि'चा 'किंवा' होताना

गावच्या वाचनालयासाठी मी एकदा संगणकावर छोटा प्रोग्रॅम लिहिला. ज्यांनी वर्गणी भरली आहे आणि ज्यांचा पत्ता नोंदलेला आहे, त्यांना वार्षिक सभेचे पत्र, उरलेल्यांना फोन. उरलेल्यांसाठी मी अट घातली: 'वर्गणी भरलेली नाही आणि पत्ता नोंदलेला नाही.' वाचायला बिनचूक! पण वर्गणी भरूनही पत्त्याची नोंद राहून गेलेल्यांना ना पत्र गेले, ना फोन. "आम्हाला वगळलंत," असे एका जुन्या सभासदाने तोंडावर सांगितले. तिथे 'किंवा' हवे होते.

चुकीचे मूळ शोधताना ऑगस्टस डी मॉर्गन यांची गाठ पडली. त्यांचा जन्म 1806 मध्ये मदुराईत झाला. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात होते. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम असा: जोडअटीला नकार लावला की तिचा प्रत्येक भाग नकारार्थी होतो आणि 'आणि'चा 'किंवा', 'किंवा'चा 'आणि' होतो. विल्यम ऑफ ऑकमसारख्या मध्ययुगीन तर्कपंडितांना हे ठाऊक होते. डी मॉर्गन यांनी ते तर्काच्या नव्या गणितात बसवले. त्यांचा 'फॉर्मल लॉजिक' आणि जॉर्ज बूल यांचा तर्कगणितावरील पहिला ग्रंथ, दोन्ही 1847 चे.

या नियमाची झळ त्यांना तरुणपणीच लागली होती. केंब्रिजच्या गणित परीक्षेत 1827 मध्ये ते चौथे आले. पण एम. ए.साठी विद्वत्ता 'आणि' अँग्लिकन धर्ममतांना संमती, दोन्ही लागत. अपात्र ठरायला एकच उणीव पुरे. त्यांनी संमती नाकारली आणि ते दार बंद झाले. 1828 मध्ये धर्माची अट नसलेल्या लंडनच्या नव्या विद्यापीठात ते गणिताचे प्राध्यापक झाले. पुढे त्याच संस्थेने जेम्स मार्टिनो यांना त्यांच्या धर्मपंथामुळे नेमणूक नाकारली, तेव्हा 1866 मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

आता मी दोन अटी जोडल्या की कागदावर चार ओळी मांडतो: दोन्ही आहेत, फक्त पहिली, फक्त दुसरी, एकही नाही. प्रत्येक ओळीत एक माणूस उभा करतो आणि विचारतो, याला पत्र की फोन? माझी चूक मधल्या दोन ओळींत होती. डी मॉर्गनही तिथेच उभे होते.