किआंती, नारायणगाव आणि बाटलीवरचे गाव

कोल्हापूरकराला इटलीची ओळख द्राक्षांनी करून दिली नाही. ती एका मृत्यूने करून दिली. विलायतेहून परतताना राजाराम महाराज ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स मुक्कामी निवर्तले, तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी देण्यात आला आणि १८७४ मध्ये तेथे छत्री उभी राहिली. शिवाजी पेठेत ही हकीकत नव्याने सांगावी लागत नाही. मात्र त्या छत्रीपासून दक्षिणेला, टेकड्यांच्या मुलखात, त्याच सुमारास जे चालले होते त्याची वार्ता आपल्याकडे फारशी पोहोचली नाही. तो मुलूख म्हणजे किआंती, आणि तेथील तांबडी वाइन त्याच नावाने ओळखली जाते.

फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होते. दोनदा पंतप्रधान झालेले बेत्तिनो रिकासोली हे मूळचे जमीनदार. ब्रोलियोचा किल्ला आणि त्याभोवतीचे मळे त्यांच्या घराण्याकडे ११४१ पासून चालत आलेले. राजकारणाइतकीच त्यांनी द्राक्षांचीही चिंता वाहिली. अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर १८७२ मध्ये त्यांनी पिसा विद्यापीठातील एका प्राध्यापकांना पत्र लिहून आपले प्रमाण कळवले: सांजोवेसे या काळ्या द्राक्षाने गंध आणि जोम येतो, कनायोलोने त्याचा करडेपणा मवाळ होतो, आणि रोज पिण्याच्या वाइनमध्ये थोडे पांढरे माल्वासिया घालावे, मुरवत ठेवायची असेल तर ते टाळलेले बरे. पुढे शंभर वर्षे किआंती म्हणजे काय, याचे उत्तर या पत्रात शोधले गेले.

त्याही आधी, १७१६ मध्ये, तिसऱ्या कोझिमो मेदिचीने फर्मान काढून किआंतीच्या सीमा आखून दिल्या होत्या. आधी शीव ठरली, मग पाककृती. प्रदेशाचे नाव बाटलीला मिळते ते केवळ मातीच्या गुणाने नव्हे, तर अशा ठरवण्यामुळे, हे आमचे म्हणणे आहे.

अर्थात हा इतिहास सोवळा नाही. १९३२ मध्ये सरकारने किआंती हे नाव भोवतालच्या विस्तीर्ण टापूला बहाल केले. १९६७ च्या नियमांनी तर पांढरी द्राक्षे घालणे सक्तीचेच केले. रिकासोलींनी ऐच्छिक ठेवलेली गोष्ट कायद्याने पोथीनिष्ठ करून टाकली. ज्यांना ते मान्य नव्हते त्यांनी नावच सोडले. अंतिनोरी घराण्याने १९७१ पासून आपली ‘तिन्यानेल्लो’ ही वाइन किआंती न म्हणवता विकली. खुद्द रिकासोलींचा व्यवसाय त्याच दशकात परदेशी कंपनीच्या हाती गेला आणि १९९३ मध्ये फ्रांचेस्को रिकासोलींनी तो परत घराकडे आणला. मूळ टापूत, म्हणजे ‘किआंती क्लासिको’त, २००६ पासून पांढऱ्या द्राक्षांना बंदीच आहे. घराणी बुडाली, सावरली, भांडली. पण ज्यावरून भांडायचे ते नाव जागेवर होते.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळची कथा जुन्नर तालुक्यातील नारायणगावची. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी तेथे ‘पायपर-हाइडसिक’ या फ्रेंच पेढीच्या तांत्रिक साहाय्याने फेसाळ वाइन काढली. दारूबंदीचा १९४९ चा कायदा असलेल्या राज्यात हे धाडस लहान नव्हते. परदेशात ती ‘ओमर खय्याम’ म्हणून गेली आणि देशात ‘मार्किस द पाँपादूर’ म्हणून. एक फारसी कवी, दुसरी फ्रेंच राजाची प्रेयसी! पुढे साध्या वाइनही आल्या. त्यांची नावे ‘रिव्हिएरा’, ‘शांतिली’. शिवनेरीच्या परिसरात पिकलेल्या या वाइनच्या नावांत नारायणगाव कोठेच नव्हते. ग्राहकाला परदेशी नाव हवे असते, हा व्यापारी हिशेब आम्हांला कळतो. पण त्याची किंमत अशी, की कंपनी गेली की मागे काहीच उरत नाही.

आणि कंपनी गेली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, उत्पादन शुल्क माफ केले, विंचूर व पलूस येथे वाइन पार्क आखले. पुढील काही वर्षे भरभराटीची गेली. ‘शातो इंडाज’ने परदेशातील व्यवसाय विकत घेतले. २००८ ची मंदी आली, कर्जे आवरेनाशी झाली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि कंपनी अवसायनात निघाली.

मंदीचा फटका केवळ भागधारकांना बसला नाही. खाण्याचे द्राक्ष पडून राहिले तर त्याचा बेदाणा होतो. वाइनचे द्राक्ष बारीक, जाड सालीचे, बियांचे. वायनरीने ते उचलले नाही तर बाजारात त्याला कोणी हात लावत नाही. आपल्या हवेत वेल हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी अशी दोनदा कात्री चालवावी लागते. इटलीत तोड सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, ती आपल्याकडे बहुतांशी जानेवारी ते मार्चमध्ये. एवढे करून माल उभाच राहिला, तेव्हा नाशिककडच्या कित्येक शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटून टाकल्या.

नाशिकनेच पुढे नावाचा प्रश्न थोडा तरी सोडवला. राजीव सामंत यांच्या ‘सुला’ने (हे नाव त्यांच्या मातोश्री सुलभा यांच्यावरून) ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’ ही तांबडी वाइन काढली. शिराझ हे वाण फ्रान्सचे, पण तालुका आपला. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळाले. मानांकन शीव आखून देते. परंतु या शिवेत कोणते द्राक्ष किती घालावे, किती मुरवावे, असे रिकासोलींच्या तोडीचे भांडण अजून झालेले नाही. दरम्यान गुरनानी कुटुंबाची ‘यॉर्क’ वायनरी २०२१ मध्ये सुलाने घेतली आणि डिसेंबर २०२२ मध्ये सुला स्वतः शेअर बाजारात उतरली. घरगुती वायनरीची वाट आपल्याकडे अशी लौकर संपते.

नावाची किंमत कोल्हापूरला वेगळ्या वाटेने कळली. २०१९ मध्ये मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेसारखीच पायताणे जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर आली, तेव्हा प्राडाने कोल्हापूरचे नाव घेतले नव्हते. गदारोळ झाल्यावर घेतले. किआंतीचे नाव दुसऱ्याने वापरले तर हाच देश न्यायालयात जातो.

जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकण्याचा निर्णय घेतला, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला तो वाइन म्हणजे दारू की नव्हे, यावर. ती वाइन कोणत्या गावची, हे कोणी विचारले नाही. विंचूरभोवती वायनऱ्या उभ्या राहिल्या. आमच्यापासून जवळ असलेल्या पलूसला मात्र तसे घडले नाही. त्या टापूत द्राक्ष आहे, छाटणीची जाण आहे. शेजारच्या तासगावाने तर ‘तास-ए-गणेश’ हे वाण दिले. पण तिथले द्राक्ष आजही खाण्याचे किंवा बेदाण्याचे, आणि त्या बेदाण्यावर सांगलीचे नाव आहे.