वरळीचा आकडा आणि सरकारी सोडत

वरळी हे मुळात कोळ्यांचे गाव; किल्ल्याला खेटून कोळीवाडा आजही उभा आहे. पण १९६०च्या दशकात हे नाव देशभर पोचवले ते मटक्याने. त्याआधी मुंबईत आकडा लागे तो कापसावर. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद भाव मुंबईत येत, त्यांवर पैज लागे. १९६१ मध्ये हे भाव येणे थांबले, आकड्याची सवय मात्र थांबली नाही. कच्छहून आलेले, वरळीत किराणा दुकान चालवणारे कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये स्वतःचा मटका सुरू केला; १९६४ मध्ये रतन खत्री यांनी ‘न्यू वरळी’ काढला. आधी मडक्यातून, म्हणजे मटक्यातून, आकड्यांच्या चिठ्ठ्या काढत; त्यांच्या जागी पुढे पत्ते आले. तीन पाने काढायची: समजा तिर्री, पंजी आणि अठ्ठी. बेरीज सोळा, म्हणून ओपन सहा. पुन्हा तीन पाने, तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी. एकेरी आकड्याला एकाला नऊ. परळ-लालबागच्या गिरणीकामगाराला किरकोळ पैशांत, स्वतःच्या मनातल्या आकड्यावर, निकालासाठी फार न थांबता खेळता येई.

गोरगरिबांना या जुगारातून सोडवायचे, असे सांगत महाराष्ट्र सरकारने १२ एप्रिल १९६९ रोजी राज्य लॉटरी सुरू केली. हेतू खरा असेलही, पण लॉटरीने मटका हटवला नाही. उलट मटक्याने लॉटरीचा कायदा घडवला, असे माझे म्हणणे आहे. लॉटरीच्या तिकिटावरचा क्रमांक आधीच छापलेला, सोडतीसाठी थांबणे आले, आणि बक्षीस लागण्याची शक्यता नगण्य. मटक्यात एकेरी आकडा दहात एकदा लागतो आणि नऊपट मिळतात, म्हणजे हिशेबाने शंभरातले नव्वद खेळणाऱ्यांकडे परत जातात. जगातल्या बहुतेक सरकारी सोडती याहून बराच मोठा वाटा स्वतःकडे ठेवतात. यावर कोणी म्हणेल, मटक्याचा हिशेब कागदावरचा. पाने फिरवली गेली तर दाद कुठे मागायची? हा आक्षेप रास्त आहे. सरकारी सोडत पंचांसमोर निघते, बक्षीस बुडत नाही, उरलेला पैसा तिजोरीत जातो. पण आकडा लावणारा खात्रीसाठी आलेलाच नव्हता. त्याला आपला आकडा आणि आजचा निकाल हवा होता. ते सरकारच्या दुकानात मिळत नव्हते.

अमेरिकेतल्या न्यू जर्सीने हे ओळखले. तिथल्या गल्लीबोळांतही आकड्यांचा बेकायदा खेळ जोरात होता. १९७५ मध्ये राज्याने सरळ त्याचीच नक्कल करून, खेळणाऱ्याने स्वतः आकडा निवडायचा असा रोजचा खेळ काढला. आपल्याकडेही १९९०च्या दशकात काही राज्यांच्या नावावर एक-आकडी लॉटऱ्या निघाल्या. तो सरकारी शिक्का मारलेला मटकाच होता, आणि घरे धुऊन निघायला लागली तेव्हा संसदेला जाग आली. १९९८च्या लॉटरी नियमन कायद्याचे चौथे कलम वाचताना समोर वरळीच दिसते: एका अंकावर किंवा आधी जाहीर केलेल्या क्रमांकावर बक्षीस नको, सोडत राज्याने स्वतः काढावी, एका लॉटरीची आठवड्यातून एकच. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवताना राज्याची लॉटरीही जुगारच असल्याचे स्पष्ट केले. मग तो सरकारने चालवावा का? बंदी घातली की धंदा बुकीच्या हाती जातो, हे उत्तर मला अर्धेच पटते. मुंबईत मटका ओसरला तो १९८२च्या गिरणी संपानंतर गिऱ्हाईकच पांगल्यामुळे आणि पुढे पोलिसांचे छापे वाढल्यामुळे. तिकिटांच्या स्पर्धेमुळे नव्हे. आणि आठवड्याला एकच सोडत या नियमालाही वाट सापडली. केरळने प्रत्येक वाराला वेगळ्या नावाची लॉटरी काढली. कायद्याने प्रत्येकीची सोडत आठवड्यातून एकदाच, खेळणाऱ्याच्या लेखी रोजच.